वरची टिटवी, खालची टिटवी

११ फेब्रुवारी

ताई,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. वकील म्हणाले, दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीला एक ओळही लिहायची नाही. साधा नमस्कारसुद्धा उद्या पुरावा म्हणून वाचून दाखवतात. मी म्हटलं, प्रतिवादीला कुठे लिहितो, थोरल्या बहिणीला लिहितो. ते म्हणाले, कोर्टाच्या दप्तरात दोघी एकच बाई आहेत. तेव्हा नमस्कार तेवढा गाळला. तुला हवा तर मनात धर.

नोटीस पोचल्याचं टपालवाल्याकडून कळलं. भाऊजींनी सही केली आणि तू म्हणे ती न फोडताच खिडकीत ठेवलीस, वर किल्ल्यांचा जुडगा ठेवलास, उडू नये म्हणून. ताई, नोटीस फोडायची असते. आत मी स्वतः लिहिलेला अर्ज आहे.

तुला वाटेल, इतकी वर्षं गप्प बसला आणि आताच याच्या अंगात काय आलं. तर ऐक. गेल्या महिन्यात मी बसस्टँडसमोरच्या दुकानात उभा होतो. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं टिटवी द्या. आणि दुकानदार माझ्यादेखत त्याला विचारतो, "वरची की खालची?" मी तिथे उभा! जी बिअर बाबांनी काढली, जी पुलाच्या वरच्या अंगाला त्यांच्याच कारखान्यात मी आजवर चालवली, तिला आता वर-खाली लागायला लागलं. का, तर पुलाच्या खालच्या अंगाला तू चूल मांडलीस आणि तीच बाटली, तेच नाव, तोच पक्षी लावून विकायला बसलीस. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? ते गिऱ्हाईक म्हणतं, "खालची द्या. वरची जरा शिष्ट आहे."

बिअर शिष्ट कशी असते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. कडवटपणा कमी-जास्त असतो, फेस टिकतो किंवा बसतो, जव नीट भाजला नसेल तर कच्चा वास येतो. हे सगळं मोजता येतं. शिष्टपणा कशाने मोजायचा?

अर्ज वकिलांनी लिहिलेला नाही. त्यांनी फक्त दोन ठिकाणी 'सदर' घातला आणि सही केली. सातवीतून काढून बाबांनी मला जवाच्या पोत्यांवर बसवलं, पण कायदाही शेवटी अक्षरांतच छापलेला असतो आणि मला अक्षरं येतात. बिअर मी पुस्तकांतून शिकलो, तसा ट्रेडमार्कही शिकलो. चिन्हाचं वर्णन करायला बाबांची जुनी बाटली समोर ठेवली, भिंग घेतलं आणि लिहिलं: पक्षी डावीकडे तोंड करून उभा, दोन्ही पाय जमिनीवर, चोच उघडी, मान किंचित मागे. वकील म्हणाले, इतकं बारीक कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, म्हणून तर लोक हरतात.

नाव कसं पडलं, तेही लिहावं लागतं. लिहिलं आहे: 'कारखान्यालगतच्या नदीकाठी आढळणाऱ्या पक्ष्यावरून.' तुला काही म्हणायचं असेल तर मुदतीत म्हण.

अर्जदार, म्हणजे तुझा भाऊ


४ मार्च

ताई,

अंतरिम आदेश मिळाला. तू आली नव्हतीस, म्हणून कळवतो.

भाऊजी आले होते. टोपी मांडीवर ठेवून मागे बसले आणि मधल्या सुट्टीत मलाच विचारायला आले, "काय मालक, गुडघा कसा आहे?" दाव्यात समोरच्या बाजूने गुडघा विचारायचा नसतो. माझे वकील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बरा आहे. आता एवढं तरी म्हणायलाच हवं ना?

आदेशातलं वाक्य माझं आहे, शब्दन् शब्द. 'सदर वर्णनाचा पक्षी कोरलेल्या सर्व बाटल्या, त्या कोणाच्याही ताब्यात असोत, निकालापर्यंत मोहोरबंद ठेवाव्यात.' वकिलांनी तिथे 'प्रतिवादीच्या ताब्यातील' असं घातलं होतं. मी खोडलं. म्हटलं, तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. लहानपणी आईने बोरं मोजून वाटली की ही आपली माझ्या खिशात ठेवायची आणि हात उघडे करून दाखवायची, माझ्याकडे काहीच नाही म्हणून. तशा उद्या सगळ्या बाटल्या भाऊजींच्या मावसभावाच्या गोदामात जातील आणि तुम्ही बसाल 'प्रतिवादीचा ताबा' शोधत. 'कोणाच्याही' म्हटलं की सगळ्या वाटा बंद.

साचा तुझ्याकडे आहे म्हणून पक्षी तुझा होत नाही, हेही एकदा लिहून ठेवतो. वाटणीच्या दिवशी कारखाना माझा, टाक्या माझ्या, बाबांच्या बाटल्यांची शेड माझी, आणि तू मागितलंस काय, तर स्वयंपाकघराच्या दाराचं टेकण. तारेने आवळलेल्या दोन लोखंडी फाका. सगळे हसले. मीही हसलो आणि उचलून तुझ्या गाडीत ठेवलं. तो बाबांच्या पहिल्या बाटलीचा साचा होता, हे तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. बारीकसारीक माझ्या नजरेतून सुटत नाही, अशी माझी ख्याती. आणि मी वर्षानुवर्षं त्याच ठोकळ्याला ठेचकाळत होतो.

तेव्हापासून ते दार आपटतं. वारा नसला तरी आपटतं.

तर बेलिफ सोमवारी येईल. त्याच्याशी नीट बोल. त्याला चहा दिलास तरी चालेल, पण आदेशात काही बदल होणार नाही.

अर्जदार भाऊ


९ मार्च

ताई,

बेलिफ सकाळी तुझ्याकडे येऊन गेला, हे तुला माहीत आहे. दुपारी कुठे गेला, हेही एव्हाना माहीत झालंच असेल. गावभर झालं आहे.

दुपारी तो माझ्या फाटकात उभा. काखेत लाखेची डबी, बरोबर दोन शिपाई. मी म्हटलं, "अहो, इकडे कुठे? पुलाच्या खाली."

"खालचं झालं. आता वरचं."

"साहेब, अर्जदार मी आहे."

"असाल की. बाटल्या कुठे आहेत?"

"हा आदेश मी मागितलेला आहे!"

"म्हणून तर वेळेत आलो," म्हणाला. "तुमच्यासारखी नेमकी भाषा असली की आमचं काम सोपं होतं. नाहीतर लोक काय वाट्टेल ते लिहितात." आणि त्याने बोट ठेवून वाचलं, माझं वाक्य मलाच. "कोणाच्याही ताब्यात असोत."

"कोणाच्याही म्हणजे..."

"कोणाच्याही म्हणजे कोणाच्याही."

बाबांच्या बाटल्यांची अख्खी शेड त्याने मोहोरबंद केली. डावीकडे तोंड, दोन्ही पाय जमिनीवर, चोच उघडी. एकेक ओळ वाचायचा, एकेक बाटली उचलून बघायचा आणि मान डोलवायचा. इतक्या कौतुकाने माझं लिखाण आजवर कुणी वाचलेलं नाही.

तू म्हणशील, मग तुझ्या नव्या बाटल्या आहेत ना. आहेत. बाबांच्या पक्ष्यात मला पहिल्यापासून चुका दिसायच्या. टिटवीच्या चोचीच्या बुडाशी लाल मांसल पट्टा असतो, तो बाबांच्या पक्ष्याला नाही. मागचं बोट नाही. म्हणून मी पक्ष्यांचं पुस्तक आणून, चित्रकाराला समोर बसवून, नवा साचा करवला: उजवीकडे तोंड, एक पाय उचललेला, पट्टा आहे, बोट आहे. बरोबर पक्षी. आणि आदेशात वर्णन आहे ते चुकीच्या पक्ष्याचं, म्हणजे नव्या बाटल्या मोकळ्या आहेत. बेलिफाने तसं लिहूनही दिलं.

फक्त त्या इथे नाहीत. अंगणात थोडे क्रेट आहेत, तेवढे चार दिवसांत संपतील. बाकी बाजारात गेलेल्या बाटल्या रिकाम्या होऊन परत यायला हव्या होत्या. येत नाहीत. का येत नाहीत, ते कारकून शोधतो आहे.

टाक्या भरलेल्या आहेत, ताई. उन्हाळ्याचा सगळा माल टाक्यांत आहे. तुझ्याकडे पिंपातून विकायचा परवाना आहे, तू पिंपं भरशील आणि तगशील. माझ्याकडे नाही. बाबांनी घेतला नाही, मीही घेतला नाही. म्हटलं, पिंपातून विकणं म्हणजे नळावरचं पाणी विकणं. काच कारखान्याला फोन केला. त्यांची भट्टी दुरुस्तीला आहे. नव्या बाटल्या उन्हाळा सरल्यावर.

भाऊ


१८ मार्च

ताई,

बाटल्या सापडल्या. तुझ्या अंगणात.

कारकुनाला पुलावर पाठवलं होतं. येऊन सांगतो, "मालक, आपल्याच आहेत. रांगाच्या रांगा. धुऊन, उपड्या करून, वर जाळी घातलीय." मला खरं वाटेना. स्वतः गेलो. पुलाच्या कठड्यावरून दिसतं. उजवीकडे तोंड, एक पाय उचललेला. ऊन पडलं होतं त्यावर. माझ्या बाटल्या इतक्या स्वच्छ मीसुद्धा ठेवत नाही, हे मी तिथे बोललो नाही, इथेही लिहायला नको होतं, पण आता शाई वाळली.

घरी येऊन म्हटलं, ही चोरी आहे. यावर तुझी भावजय भाजी निवडता निवडता म्हणाली, "चोरी कसली? लोक आणून देतात त्यांना."

"माझ्या बाटल्या तिला का देतात? माझी खिडकी उघडी असते ना?"

"तुमच्या खिडकीवर बाटली द्यायची म्हणजे मुलगी दाखवायला नेल्यासारखं. उजेडात धरता, फिरवून फिरवून बघता, काठाला नख लावता आणि नकार देता. वन्सं घेतात नि आत ठेवतात. मी आणली असती तरी तिकडेच दिली असती."

ऐकलंस? घरातला साक्षीदार फुटला.

पण चिरलेली बाटली घ्यायची कशी? फुटली तर कुणाचा हात कापेल? माझा नियम बरोबर आहे. नियम बरोबर असून माणसाकडे एक बाटली उरत नाही, ह्याला काय म्हणायचं, ते मला कळत नाही.

वकिलांकडे गेलो. म्हटलं, ते एक वाक्य बदलून घ्या. त्यांनी आदेश वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "भाषा फारच पक्की आहे हो. फट कुठेच नाही." दोनच मार्ग आहेत. एक, पुढच्या सुनावणीची वाट बघायची, ती एप्रिलच्या मध्यावर. दुसरा, दोन्ही बाजूंनी मिळून संमतीचा अर्ज करायचा. मी म्हटलं, तोवर बिअरला कोण सांगणार, बाई गं, तारीख पडली आहे, जरा थांब?

तर संमतीबद्दल लिहितो. माझी तयारी आहे. तू सही करायची, शेडी उघडायच्या. माझ्या नव्या बाटल्या तू परत करायच्या, मोजून, माझ्या माणसासमोर. चिरलेल्या वेगळ्या काढायच्या. आणि निकालापर्यंत तू टिटवी हे नाव फळ्यावरून काढायचं. यात तुझं काही जात नाही.

पुन्हा वाचलं. शेवटची अट तुला जड जाईल. पण ती खोडली तर मग दावा कशाचा लावला, असं होईल. म्हणून ठेवतो.

उत्तर पाठव. मी तुला इतकं लिहितो आणि तुझ्याकडून एक चिठ्ठी नाही. लहानपणी तुझं तोंड बंद म्हणून होत नसे.

भाऊ


२६ मार्च

ताई,

तू लिहिणार नाहीस. भाऊजींना फोन करायला लावणार. बरं. फोन झाला.

ते म्हणाले, "ती म्हणते, बाकी अटींचं बघू. आधी पक्षी कुठून आला, ते खरं लिहायला सांगा त्याला." मी विचारलं, खोटं काय आहे त्यात? ते हसले. म्हणाले, "मला काय ठाऊक, मी नंतर आलो या घरात. पण ती हे म्हणाली आणि तडक भट्टीवर गेली. जेवली पण नाही."

म्हणजे नोटीस फोडलीस तर. वाचलीस.

मग आता उघडच बोलू. तो प्रसंग मला आठवत नाही, मी पाळण्यात होतो. पण बाबांनी इतक्या वेळा सांगितला आहे की तोटीचा आकारसुद्धा मी सांगेन. बाबांची पहिली बिअर. उधारीच्या टाकीची तोटी तुटली आणि सगळा माल जमिनीवरून मोरीकडे धावायला लागला. बाबा फडकं शोधत होते, आई चुलीवरून उठून आली, आणि तू, परकरातली पोर, मोरीच्या तोंडाशी बसून मग्याने ती बिअर भरून भरून बादलीत ओतत होतीस आणि घर डोक्यावर घेतलं होतंस, "गेली, गेली, गेली, गेली!" मगा निळ्या काठाचा होता. तू पत्र्याचा म्हणायचीस, पत्र्याचा नव्हता. मग शेवटी टाकी रिकामी झाल्यावर बाबा खाली बसले आणि हसत सुटले. म्हणाले, "टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात. आमची टिटवी भरायला निघाली आहे."

तेव्हापासून घरात तू टिटवी. पुढची बिअर साधली तेव्हा तिलाही तेच नाव. आणि मी झालो फूटपट्टी. ते नाव तू ठेवलंस. त्या नावाची बिअर कुणी काढली नाही.

हे सगळं खरं आहे. पण लिहायचं कसं? वकिलांना मी हा प्रसंग 'समजा, असं असेल तर' असा विचारला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "समजासुद्धा नका. माणूस स्वतःचं नाव वापरत असेल तर त्याला अडवणं फार अवघड. प्रतिवादीचं घरगुती नाव टिटवी आहे हे एकदा दप्तरात गेलं, की नाव फक्त तुमचं राहत नाही." मग म्हणाले, "नदीकाठी पक्षी असतातच की. कोण बघायला जातंय?"

कोण बघायला जातंय! मी पक्ष्याचं मागचं बोट चुकलं म्हणून अख्खा साचा बदलणारा माणूस आणि मला सांगतात, कोण बघायला जातंय.

पण लिहिणार नाही. एकदा लिहिलं की इतक्या वर्षांचं माझं काय उरतं? तू बाबांच्या हाताखाली शिकलीस, वासावरून सांगायचीस भट्टी कधी उतरवायची. मला तो वास कधी कळला नाही. म्हणून मी पुस्तकं आणली, थर्मामीटर आणला, रोज लिहून ठेवलं आणि कारखाना बुडू दिला नाही. नाव माझ्याकडे राहिलं कारण मी राहिलो. हे खरं नाही का? याला कुठे लिहायची जागा आहे अर्जात?

टाक्यांचं काय, विचारू नकोस. थंडावा धरत नाही. ऊन वाढतं आहे.

तुझा भाऊ


३ एप्रिल

ताई,

मधली टाकी आज सोडून दिली. आंबली.

सकाळी झाकण काढलं तेव्हाच कळलं. थर्मामीटर लावायची गरज पडली नाही. तुला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला तो वास आपोआप कळला, आणि कळायचा तो हा कळला. कामगार टोप्या काढून उभे राहिले, जणू कुणी गेलं आहे. तोटी मीच उघडली. फेस गटारातून पार फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यावरची माणसं पाय उचलून चालायला लागली. मोरीशी मगा घेऊन बसायला घरात कुणी नाही आता.

तेव्हा मला तुझा एवढा राग आला की मी आत येऊन हे पत्र लिहायला बसलो. त्यात बरंच काय काय लिहिलं होतं. अडून बसलीस, माझ्या बाटल्यांवर नाग होऊन बसलीस, असलं. ते पान फाडलं, कारण मध्येच फाटकावर ट्रक आला.

भाऊजी स्वतः चालवत होते. मागे क्रेटवर क्रेट. उजवीकडे तोंड, एक पाय उचललेला.

मी म्हटलं, "संमतीचा कागद आणलात?"

"कसला कागद?"

"मग सही कशावर करायची?"

"सही कशाला? बाटल्या तुझ्याच आहेत." खाली उतरून त्यांनी फळी पाडली. "गटाराला फेस आलेला पुलापर्यंत दिसला. ती हात पुसत बाहेर आली, बघितलं, आणि म्हणाली, भरा ट्रक. मी म्हटलं, अगं, पण त्याने अर्ज कुठे बदललाय? तर म्हणते, भांडण त्याच्याशी आहे, बिअरने काय घोडं मारलंय?"

मी एक बाटली उचलून उजेडात धरली. स्वच्छ. दुसरी धरली. काठाला नख लावलं. तेवढ्यात तुझी भावजय दारातून माझ्याकडे बघते आहे असं दिसलं. बाटली खाली ठेवली.

भरायला घेतलं आहे. दोन्ही टाक्या वाचतील. कामगार गाणी म्हणताहेत, ती बेसूर आहेत.

एवढं सगळं झाल्यावर माणसाने शांत व्हावं. मी जास्तच चिडलो आहे, कुणावर ते मात्र कळत नाही. तू कागद मागितला असतास तर बरं झालं असतं. कागदाला उत्तर देता येतं.

तुझा भाऊ


१९ एप्रिल

ताई,

परवा तू मागच्या बाकावर होतीस, वर पंखा कुरकुरत होता, आणि संपल्यावर मी वळेपर्यंत निघून गेली होतीस. तुला सगळं नीट ऐकू आलं नसणार. म्हणून जसं झालं तसं लिहितो. चुकीचं काही तुझ्या कानावर नको.

सुरुवातीला सगळं माझ्या बाजूनेच चाललं होतं. नोंदणी माझ्या नावाची, कारखाना बाबांचा, तोच पत्ता. न्यायाधीशांनी अर्जातला पक्षी वाचला आणि म्हणाले, वर्णन उत्तम आहे. वकिलांनी माझ्याकडे वळून मान हलवली. मग ते खालच्या ओळीवर आले. 'कारखान्यालगतच्या नदीकाठी आढळणाऱ्या पक्ष्यावरून.' त्यांनी सहज विचारलं, म्हणजे त्यात डाव नव्हता, चहाच्या आधी माणूस विचारतो तसं, "अजून दिसतात का हो तिथे?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. वकील तर आधीच 'हो' म्हणायच्या बेतात तोंड उघडून बसले होते. आणि मला ते जमेना. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, खडकाळ जागेत. आपल्या काठाला नुसती दाट झुडपं आहेत, ती तिथे कशाला येईल? चुकीचं बोट मी बाटलीवर चालवून घेतलं नाही, आणि इथे अख्खा पक्षीच चुकीच्या जागी उभा होता. माझ्याच अक्षरात.

मी म्हणालो, "साहेब, नदीकाठी मी टिटवी कधी पाहिलेली नाही. टिटवी आमच्या घरात होती."

ते म्हणाले, "पाळलेली?"

लोक हसले, ते तुला ऐकू आलं असेल.

मी म्हणालो, "नाही साहेब. थोरली. ती मागे बसली आहे."

त्यावर तू काय केलंस, ते मला दिसलं नाही, कारण मी मुद्दाम पुढे बघत होतो. भाऊजी नंतर म्हणाले, तू पदर नाकाला लावलास आणि म्हणालीस, इथे धूळ फार आहे. असेल. कोर्टात धूळ असतेच.

मग मला सगळंच सांगावं लागलं, तोटी, मोरी, बादली. मगा निळ्या काठाचा असं मी सांगितलं आहे, आणि तसंच दप्तरात गेलं आहे. हरकत घ्यायची असेल तर मुदत उलटली. वकिलांनी पेनाला टोपण लावलं. टोपण लावल्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

निकाल तुला कळला आहेच, तरी नेमका लिहितो. नावावर एकट्याचा हक्क कुणाचाच नाही. जुना पक्षी तुझा, कारण तो बाबांनंतर तूच अखंड चालवलास. मी तो सुधारायला गेलो आणि सोडून बसलो. नवा पक्षी माझा. दोन्ही शेडी उघडायच्या. आणि लेबलावर दोघांनी आपापली जागा लिहायची, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हायला नको. थोडक्यात, 'वरची की खालची' हे जे मला ऐकवत नव्हतं, ते आता कोर्टाच्या हुकमाने बाटलीवर छापायचं आहे. एवढा खटाटोप मी त्यासाठी केला. कारकून म्हणतो, मालक, फुकटात जाहिरात झाली. त्याला मी जव चाळायला बसवला आहे.

शेड उघडली. बाबांच्या बाटल्या आता तुझ्या पक्ष्याच्या ठरल्या, म्हणून क्रेटात भरायला घेतल्या आहेत, शनिवारी ट्रक पाठव. माझ्या येतील त्या त्याच ट्रकने दे. दर शनिवारी असंच करू. परत घ्यायच्या खिडकीवर आता तुझी भावजय बसते. बघत नाही, नख लावत नाही, शिवाय येणाऱ्याची विचारपूस करते. रांग लागली आहे. मी तिकडे जायचं नाही, असं ठरलं आहे. मी ठरवलेलं नाही.

एक तक्रार आहे. तू पाठवलेल्या क्रेटांत काही बाटल्या काठाला चिरलेल्या होत्या. टाकल्या नाहीत. बाजूला काढून ठेवल्या आहेत. कुठे चिरल्या आहेत, ते पत्रात समजावता येत नाही, येऊन बघावं लागेल. दाराला सध्या वीट लावली आहे. ती नीट बसत नाही, पण दार उघडं राहतं.

भाऊजींबरोबर एक बाटली देतो आहे, वाचलेल्या टाकीतली. थंड करून पी, घाई करू नकोस. कडवटपणा बरोबर आहे, फेस टिकतो, वास मी स्वतः घेतला आहे. ती शिष्ट लागते का, तेवढं कळव. फोनवर नको, भाऊजींकडून नको. एकदा तरी चार ओळी लिही, ताई.

वर नमस्कार राहिला होता. तो करतो.

फूटपट्टी